मालिनीचं नाक

मुळ्यांच्या घरात नाक असं एकट्या मालिनीलाच होतं. बाकीच्यांना जे होतं ती चष्मा टेकवायची सोय. दूध नासणार हे तिला नासायच्या आधी कळायचं. फडताळामागे पाल मेली, तर ती कुठल्या कोपऱ्यात मेली ते मालिनी उंबऱ्यात उभं राहून सांगायची. तिचा नवरा चारुदत्त सहकारी बँकेत होता. संध्याकाळी बँकेतून येताना तो वाटेत मिसळ खाऊन आला, की चपला काढायच्या आत पकडला जायचा.

पण या नाकाचं कौतुक कोणी केलं नाही. रत्नागिरीत राहून मासळीचा टेम्पो पुढे आला की पदर नाकाला लावणारी बाई म्हणजे हसायचाच विषय. मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या बाजूला जायची वेळ आली तर ती रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला लावी. ते हसणं तिने सोसलं असतं. सासूबाईंच्या वेळचं मात्र तिच्या अंगाला चिकटून राहिलं होतं. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा पथ्याचं करणं, औषधं, भरवणं, जागरणं सगळं मालिनीने केलं. फक्त बेडपॅन तिला जमला नाही. हातात घेतला की तो तसाच खाली ठेवून ती परसात पळायची. ते काम पाली गावाला दिलेली मोठी नणंद कुमुद येऊन करून गेली. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण कुमुदच्या तोंडचं वाक्य काही गेलं नाही. लग्नकार्य असो की श्राद्धपक्ष, पंगतीला बसता बसता ती म्हणायचीच, "आईचं सगळं मीच केलं हो. मालिनीचं नाक नाजूक ना!"

हसत म्हणायची. त्यामुळे उलट बोलायचीही सोय नव्हती.

गेल्या श्रावणात गावात सर्दी-तापाची साथ आली. करोनात मालिनीला शिंकसुद्धा आली नव्हती, पण या बिननावाच्या तापाने तिला बरोबर गाठलं. ताप आला तसा गेला, अंगदुखी गेली, खोकला रेंगाळून गेला. मग एका सकाळी तिने आमटीला फोडणी घातली आणि हिंगाचा वास आला नाही. तिने आणखी एक चिमूट टाकली. तरी नाही. हिंग भेसळीचा आहे असं समजून तिने वाण्याला फोनवर चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी लोणी कढवायला ठेवलं, तर तूप झालं कधी आणि करपलं कधी हे डोळ्यांनी बघेपर्यंत कळलं नाही. आणि एक दिवस ती शेगडीसमोर उभी असताना दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा झाला, तेव्हा बाहेरच्या खोलीतून चारुदत्तच ओरडला, "अगं, काय जळतंय?"

मालिनीने गॅस बंद केला. त्या काळ्या पातेल्यावर वाकून तिने छाती भरून श्वास घेतला. नुसती गरम हवा आत गेली.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "मला वासच येत नाहीये."

"सर्दी आहे. येईल," चारुदत्त फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

तिने त्याला सांगितलं होतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे त्याने शपथेवर सांगितलं असतं, की आपल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. विषाणूने वासाच्या नसेला इजा केली आहे, म्हणाले. बहुतेकांचा वास परत येतो, पण कधी ते सांगता येत नाही. आणि येताना सरळ येईल असंही नाही. कधी एका गोष्टीला दुसरीचाच वास येतो. औषध असं नाही. एक व्यायाम आहे. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल अशा चार बाटल्या करायच्या, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तिचा वास आठवायचा.

मालिनी डोळे मिटून, एकेक बाटली नाकाशी धरून स्वयंपाकघरात उभी राहू लागली. चारुदत्तने एकदा पाणी प्यायला आला तेव्हा ते पाहिलं. "प्राणायाम का? चांगलं आहे," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

ज्याला आपलं नाक जन्मभर जड झालं, त्याला ते गेल्यावर हलकं वाटायला हवं. मालिनीला तसं वाटलं नाही. सोलकढी म्हणजे आता एक गुलाबी, आंबट पाणी होतं. भाताला वाफ होती, वास नव्हता. आपल्या अंगाला घामाचा वास येत असेल या धास्तीने ती दोनदा आंघोळ करायची, गॅस चालू राहिला असेल म्हणून सारखी उठून बटणं तपासायची. गौरी-गणपतीत घर भरलेलं असताना, धूप, केवडा, ताज्या नारळाचं सारण या सगळ्याच्या मधोमध ती काचेपलीकडे उभी असल्यासारखी वावरली. मोदक छान झालेत, सगळे म्हणाले. तिने मान डोलावली. तिला ते चिकणमातीच्या गोळ्यासारखे लागले होते.

तेवढ्यात आप्पांच्या पायाचं प्रकरण उभं राहिलं.

आप्पा म्हणजे मालिनीचे सासरे. जन्मभर पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये फोरमन होते, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीतच नाचण्याला ही बंगली बांधली. यंत्रं आणि माणसं बटण दाबलं की चालायला हवीत, असं त्यांचं मत होतं. त्यातली यंत्रं तरी चालायची. मधुमेह जुना होता, त्यामुळे पायांची जाणीव बधिर झालेली. नवी चप्पल अंगठ्याला लागत होती ते त्यांना कळलंच नाही. चपलेत रक्त पाहून मालिनीनेच आरडाओरडा केला. तोवर जखम चिघळली होती. दिवाळीच्या आगेमागे दोन बोटं काढावी लागली. रोज ड्रेसिंग करा, सर्जन म्हणाले, भरली तर भरली. नाहीतर गुडघ्याखाली कापायला लागेल.

"दोन पाय घेऊन आलो, दोन पाय घेऊन जाईन," आप्पा म्हणाले आणि घरी आले.

जखम भरेना. मागच्या बाजूच्या त्यांच्या खोलीला वास सुटला. तो पडद्यातून माजघरात आला, माजघरातून ओटीवर आला. इस्पितळातला ड्रेसिंगवाला थोडे दिवस आला आणि मग फोन उचलेनासा झाला. चारुदत्तने एकदा मन घट्ट करून बँडेज सोडलं, आणि अर्ध्यातून उठून परसात पारिजातकाच्या बुंध्याशी ओकला. पालीहून कुमुद आली. आईचं केलं तसं बापाचं करीन, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत खोलीत शिरली. एकावर एक दोन मास्क लावून, तोंड खिडकीकडे करून तिने पट्टी गुंडाळली. ती जखमेवर कमी आणि घोट्यावर जास्त बसली. दुसऱ्या दिवशी तिला बीपीचा त्रास सुरू झाला आणि ती दुपारच्या एस्टीने परत गेली.

मालिनीला कोणी विचारलंच नव्हतं. नाजूक नाकाच्या बाईला काय विचारायचं? तीच म्हणाली, "मी करते."

आप्पांनी पाय पुढे केला आणि त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर खिळली. गेले कित्येक दिवस ते हेच करत होते. पट्टी सुटायला लागली की समोरच्याच्या नाकपुड्या आक्रसतात, ओठ मिटतात, डोळे भिंतीकडे जातात. ते सगळं होईपर्यंत ते वाट पाहत आणि मग शिव्या देत. मालिनीने पट्टी सोडली, सलाइनच्या पाण्याने जखम धुतली, वाकून, अगदी तोंड जवळ नेऊन पाहिली, पिवळा थर निघाला तेवढा चिमट्याने काढला, गॉज लावला. चेहऱ्यावर काही म्हणता काही हललं नाही.

"काय गो," आप्पा म्हणाले, "वास येत नाही का तुला?"

"नाही, आप्पा."

आप्पा हुंकारले. शिव्या तशाच राहिल्या.

मग ते रोजचंच झालं. सकाळचं काम आवरलं की मालिनी आपला चहा घेऊनच खोलीत जायची. कप खिडकीत ठेवायचा, ड्रेसिंग करायचं, हात धुवायचे, आणि तिथेच स्टुलावर बसून चहा प्यायचा. आप्पा पोफळीच्या गोष्टी सांगायचे. डोंगराच्या पोटातलं ते पॉवरहाऊस, पावसाळ्यात कॉलनीत शिरणारे साप, तापलेल्या वायंडिंगच्या नुसत्या वासावरून आपण मशीन कसं बंद करवलं होतं ते. वासाच्या गोष्टीला मालिनी जरा खाली बघायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांशी ती इतकं कधी बोलली नव्हती. आप्पा हसताना एका बाजूचे दात दाखवून हसतात, हे तिला पहिल्यांदा कळलं.

पुढच्या खेपेला कुमुद पालीहून आली, तेव्हा पडदा बाजूला करून तिने आत पाहिलं. आप्पांचा पाय उघडा होता आणि मालिनी शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होती. कुमुदचा पदर नाकाशी गेला तो तिथेच राहिला.

स्वयंपाकघरात आल्यावर मालिनीने तिला खरं ते सांगितलं. "वन्सं, त्यात काही विशेष नाही हो. मला हल्ली वासच येत नाही."

कुमुदने नाकाशी धरलेला पदर सोडला. तिचे डोळे भरून आले. "येत नाही कसा? माणसाने मन मारलं की नाही येत," ती म्हणाली. "मी जन्मभर तुला नावं ठेवली गो."

आता या ठिकाणी मालिनीने डॉक्टर, नळी, विषाणू, चार बाटल्या हे सगळं सविस्तर सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण इतक्या वर्षांनी ते एक वाक्य कुमुदच्या तोंडून गळून पडलं होतं, ते परत उचलून तिच्या हातात देणं मालिनीच्याने होईना. ती म्हणाली, "चहा टाकू का?"

त्यानंतर तिचा व्यायाम सुटला. वेळ होत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. वेळ होत होता. पण बाटली नाकाशी धरली, की मनात यायचं, उद्या लवंगेचा वास आला तर? लवंगेपाठोपाठ आणखी काय काय येईल? एक दिवस तिने चारही बाटल्या मसाल्याच्या डब्यांमागे सरकवून दिल्या.

कुमुद जे पसरवायचं मनावर घेते ते पसरतं. पालीच्या बाजारात, मग नाचण्याच्या आळीत, मग मारुती मंदिरापर्यंत बातमी गेली, की मुळ्यांची सून सासऱ्याच्या सडक्या पायाशी बसून चहा पिते. आप्पांना बघायला माणसं येऊ लागली. आप्पांना ती ओटीवरूनच बघत आणि मालिनीला मात्र जवळ जाऊन बघत. भगिनी मंडळाच्या अध्यक्ष भार्गवीबाई सरपोतदार स्वतः आल्या. खोलीच्या दारात त्यांना भोवळ आल्यासारखं झालं. खुर्चीत बसून, लिंबूसरबत पिऊन त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की महिला दिनाला यंदाचा आदर्श सून पुरस्कार दुसऱ्या कोणाला देणं हा अन्याय होईल.

कार्यक्रम मंडळाच्या सभागृहात झाला. मालिनीने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. चारुदत्त पहिल्या रांगेत, कुमुद त्याच्या शेजारी रुमाल घेऊन तयारीनेच बसलेली. भार्गवीबाई बोलल्या, आणि चांगलं लांबलचक बोलल्या. "या माउलीला दुर्गंध हा शब्दच माहीत नाही," त्या म्हणाल्या, तेव्हा मालिनीच्या मनात आलं, की सगळ्या भाषणात हे एकच वाक्य खरं आहे.

शाल पांघरली गेली, नारळ हातात आला. दोन शब्द बोला, म्हणाले. मालिनी माइकसमोर उभी राहिली. समोरचे डबडबलेले डोळे बघून तिला एकाएकी स्वतःची लाज वाटली. आता सांगून टाकायचंच, असं ठरवून तिने माइक जवळ घेतला.

"तुम्ही समजता तसं मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "खरं सांगू का? आप्पांच्या जखमेचा मला वास येतच नाही."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. "नाही, म्हणजे अजिबातच येत नाही, कशाचाच," मालिनी माइकमध्ये सांगत होती, पण तिचं बोलणं टाळ्यांत बुडालं. मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. भार्गवीबाईंनी तिला मिठी मारली आणि माइक स्वतःकडे ओढून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "भगिनींनो, जिथे प्रेम असतं तिथे वास येत नाही!"

दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात फोटो आला. वर मोठ्या अक्षरांत, 'प्रेमाला दुर्गंध नसतो.' चारुदत्तने ते कात्रण बँकेतल्या सगळ्यांना दाखवलं. आणखी काय करायला हवं होतं मालिनीने? नवऱ्याला सांगितलं, नणंदेला सांगितलं, माइकवरून गावाला सांगितलं. आता माणसांनी ऐकायचंच नाही म्हटल्यावर तिचाही नाइलाज होता.

पुढे थोड्याच दिवसांनी, एका रविवारी सकाळी शेजारणीने परड्यातल्या सुरंगीच्या फुलांचा गजऱ्यासारखा वळेसर आणून दिला. मालिनीने सवयीने तो नाकाशी नेला आणि ती मागल्या दाराच्या पायरीवर बसली. वास आला होता. बारीक, लांबून कोणीतरी हाक मारावी तसा, पण सुरंगीचाच. तिने परत श्वास घेतला. परत आला. ती तिथे पायरीवर बसून रडली. मग उठून लहान मुलीसारखी घरभर फिरली. साबण हुंगला, उदबत्तीचा पुडा हुंगला, कपाटातल्या साड्यांत तोंड खुपसलं. चहा मात्र काहीतरीच झाला होता. उकळत्या चहाला जळक्या रबराचा वास येत होता. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, येताना वाकडातिकडा येईल म्हणून. येऊ दे. येतोय तर खरा! ती हसत होती, आणि हसता हसता तिची नजर ड्रेसिंगच्या ट्रेकडे गेली.

माजघरापर्यंत ती गेली. पडद्यापाशी तिचे पाय अडले. तरी ती आत शिरली, स्टुलावर बसली, पट्टी सोडली. शेवटचा वेढा सुटला आणि तो वास तिच्या नाकातून थेट पोटात गेला. चिमटा तसाच टाकून, तोंडावर हात दाबून ती परसात धावली. पारिजातकाने आता सुनेचंही पाहिलं.

रविवार असल्याने कुमुद आलेली होती. तिने ओटीवरून हे सगळं बघितलं. "पेपरात नाव आलं, शाल मिळाली," ती चारुदत्तला म्हणाली, "आता कशाला करील?"

"अगं, काय हे?" चारुदत्त परसात येऊन म्हणाला. "आप्पांना काय वाटलं असेल? तू आधी अशी नव्हतीस."

मालिनीने चूळ भरली. रुमालात कापूर बांधला, तो नाकावरून मागे गाठ मारून घेतला आणि पुन्हा माजघरात आली. पडद्याबाहेर थांबून तिने छाती भरून श्वास घेतला, कोंडला आणि आत गेली.

आप्पा उघडा पाय तसाच ठेवून बसले होते.

"आलं वाटतं नाक परत," ते म्हणाले.

मालिनीला कोंडलेला श्वास सोडावा लागला आणि मग घ्यावाही लागला.

"मी म्हटलं ते तुम्हाला खरं वाटलं होतं?"

"सगळे श्वास बाहेर घेऊन येतात या खोलीत. तू एकटी आत येऊन घ्यायचीस," आप्पा म्हणाले. "शिवाय मागे एकदा विटलेली आमटी मला वाढलीस आणि स्वतःही ओरपलीस. म्हटलं, हिचा फ्यूज उडालेला दिसतोय."

"मग बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? माझ्याकडे बघून तोंड वाकडं न करणारं एक माणूस मिळालं होतं. कारण काय असेना." त्यांनी पायाकडे बघितलं. "मला येतो ना गो वास. पाय माझाच. मी कुठे पळणार?"

मालिनी खाली बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कापराने की कशाने कोण जाणे. जखम तिने रोजच्यासारखी वाकून बघितली. वरून ती रोजच्यासारखीच दिसत होती; लालसर, कडेला पांढुरकी. डोळ्यांनी बघितलं तर कालच्यात आणि आजच्यात फरक नव्हता. पण नाक दुसरंच सांगत होतं. हा नुसत्या चिघळण्याचा वास नव्हता. तिला फडताळामागच्या पाली ठाऊक होत्या, विहिरीत पडलेलं मांजर ठाऊक होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "हा वास असाच होता? पहिल्यापासून?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

"आप्पा."

"गेल्या आठवड्यापासून बदललाय," ते म्हणाले. "आत कुठेतरी कुजतंय. तळव्याच्या बाजूने. दुखत नाही, त्यामुळे बरं चाललंय. तू कशाला चौकशा करतेस? नाक आलंय तर आलंय, मध्ये तोंड कशाला घालतेस?"

मालिनीच्या आता लक्षात आलं. घरात ज्यांना वास येत होता ती माणसं या खोलीकडे फिरकत नव्हती, आणि जी रोज येऊन बसत होती तिला नाक नव्हतं. त्या मधल्या जागेत हा पाय आरामात सडत होता, आणि त्याचा मालक ते जाणून गप्प बसला होता. गावाने तिला शाल दिली होती ती याबद्दल.

ती बाहेर आली. "अहो, आप्पांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"आज रविवार," चारुदत्त म्हणाला. "आणि उद्यापासून मला मान वर काढायला वेळ नाही. मार्च एंड आहे. एकतीस तारीख होऊ दे, मग निवांत नेऊ."

"एकदा ओकारी आली तर लगेच दवाखाना?" कुमुद म्हणाली. "आम्ही नाही का आईचं केलं?"

ते वाक्य परत आलं होतं. मालिनीला आश्चर्य वाटलं, की त्याचं तिला काहीच वाटलं नाही. तिने शेजारच्यांची गाडी मागितली. आप्पांनी भरपूर शिव्या दिल्या, पॉवरहाऊसमधल्या ठेवणीतल्या सगळ्या. पण शेजारच्याने आणि मालिनीने हात दिल्यावर उठले. गाडीत काचा खाली होत्या, तरी शेजारचा मान बाहेर काढून गाडी चालवत होता.

सर्जननी तळवा दाबला आणि त्यांचा चेहरा बदलला. पू आतल्या आत घोट्याच्या वर चढायला लागला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर विष रक्तात भिनलं असतं आणि मग पायाचा प्रश्नच राहिला नसता, म्हणाले.

"वेळेवर आणलंत. कशावरून ओळखलंत?"

"वासावरून."

"ड्रेसिंग रोज कोण करतं?"

"मीच."

"मग इतके दिवस वास नाही आला?"

"नाक नव्हतं," मालिनी म्हणाली. सर्जननी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. बहुधा हे नव्हे.

दुसऱ्याच दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. आप्पा भुलीतून जागे झाले, चादरीखालची सपाट जागा बघितली आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मालिनी शेजारी होती. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वास येतोय का गो?"

"फिनेलचा येतोय," ती म्हणाली. "आणि तुम्ही दात घासलेले नाहीत त्याचा."

आप्पांनी एका बाजूचे दात दाखवले.

बाहेर पॅसेजमध्ये कुमुद भेटायला आलेल्यांना सांगत होती, "आप्पा म्हणत होते, दोन पाय घेऊन जाईन. हिने घालवलान तो पाय. नाव मिळेपर्यंत केलंन सगळं, मग कंटाळली." चारुदत्त ते ऐकत होता आणि बँकेचे मेसेज बघत होता. भार्गवीबाईंपर्यंत गोष्ट पोचली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वर्षीपासून पुरस्काराआधी नीट चौकशी करायची.

मे महिन्यात आप्पा वॉकर घेऊन ओटीवर येऊन बसू लागले. नवी जखम सुरेख भरली. ती इतकी स्वच्छ होती, की चारुदत्तसुद्धा पट्टी बदलू लागला आणि आपण वडिलांची सेवा करतो असं बँकेत सांगू लागला. खोलीला आता कसलाही वास नव्हता. मालिनीचं नाक मात्र अजून पुरतं ताळ्यावर आलं नव्हतं. कांद्याला घाण यायची, आणि सुरंगी जी एकदा बरोबर आली ती मग कधी यायची, कधी नाही.

कुमुद पालीहून कापा फणस घेऊन आली. ओटीवर पाट मांडून, हाताला तेल लावून तिने तो फोडला. शेजारची चार माणसं जमली. घमघमाट सुटलाय नुसता, सगळे म्हणाले. मालिनी ताटली घेऊन बाहेर आली, आणि रॉकेलचा डबा उपडा व्हावा तसा वास तिच्या अंगावर आला. तिने ताटली ठेवली आणि नकळत तोंड फिरवलं.

"घ्या," कुमुद म्हणाली. "फणसालासुद्धा नाक मुरडलंन."

"कुमुद," आप्पा खुर्चीतून म्हणाले, "तिने नाक मुरडलंन म्हणून मी आज इथे बसलोय. आधी तिला वास येत नव्हता, मग आला. एवढीच गोष्ट आहे. किती वेळा सांगू?"

कुमुदने शेजारणीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भूल दिल्यापासून जरा असंच बोलतात."

आप्पांनी एक सुस्कारा सोडला. मग त्यांची नजर परातीतल्या पिवळ्याधमक गऱ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. "बरं, हिला नको असेल तर हिचे गरे मला द्या."

कुमुदने लगेच मूठभर उचलले.

"आप्पा, साखर!" मालिनी म्हणाली, आणि पुढे होऊन तिने कुमुदच्या हातातले गरे काढून घेतले.

आप्पा तिच्याकडे बघून चडफडले. कुमुदने तेलाचे हात वर धरून जमलेल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"बघितलंत?" ती म्हणाली. "पाय गेला म्हाताऱ्याचा. चार गरे मागितलेन, तर तेही हिला देववत नाहीत."